थीम पार्कची सहल आणि सोबत व्हीलचेअर: बेळगाव-निपाणी भागातून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं तयारी

सहल बहुधा अशी ठरते: आधी तारीख, मग टेम्पो ट्रॅव्हलर, मग ऑनलाइन तिकिटं. व्हीलचेअर वापरणाऱ्या काकूंचं काय, हा विषय आदल्या रात्री निघतो आणि उत्तर तयारच असतं: "चौघं गडी आहोत की, उचलून घेऊ." तिथे पोचल्यावर कळतं की राइडला वीस पायऱ्या आहेत, पायऱ्यांवरून उचलून न्यायला पार्कवाले परवानगी देत नाहीत आणि शौचालयाच्या दारातून खुर्ची आत जात नाही. मग काकू दिवसभर झाडाखाली बसून सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळतात. तिकीट मात्र त्यांचंही पूर्ण काढलेलं असतं.

हे टाळायला फार पैसे लागत नाहीत, क्रम बदलावा लागतो. आधी माणूस, मग शौचालय, मग राइड, मग गाडी, आणि तिकिटं सगळ्यांत शेवटी. किमान तीन आठवडे हाताशी ठेवा आणि खालचे टप्पे मागेपुढे करू नका.

## १. ज्यांची खुर्ची, त्यांच्याशी आधी बोला

ग्रुपवर वीस जणांसमोर विचारू नका. प्रश्न शौचालयाचे, औषधांचे, शरीराचे असतात, आणि चारचौघांत माणूस "माझं काही नाही, चालेल कसंही" म्हणून मोकळा होतो. घरी जाऊन, एकट्यानं, निवांत बोला. मुलाला किंवा सुनेला नव्हे, त्यांनाच विचारा.

विचारायचं ते असं:

- खुर्चीतून दुसऱ्या जागी कसं जाता? धरून उभं राहता येतं, बसल्या बसल्या सरकता येतं, की पूर्ण उचलावं लागतं? पुढचं जवळजवळ सगळं या एका उत्तरावर ठरतं.
- पाठीला टेकू नसताना बसता येतं का? मान सावरता येते का? हातानं दांडी घट्ट धरता येते का?
- शौचालयाला कमोड लागतो का? कॅथेटर (लघवीसाठी लावलेली नळी) आहे का? मदतीला कोण चालेल, कोण चालणार नाही?
- सलग किती वेळ बसणं जमतं? दुपारी आडवं व्हावं लागतं का?
- वेगाची, उंचीची, अंधाराची भीती वाटते का? आणि मुख्य म्हणजे, कशात बसायची हौस आहे?

शेवटचा प्रश्न हमखास राहतो. पायात बळ नाही म्हणजे वेगाची किंवा उंचीची हौस नाही, असं गृहीत धरलं जातं. काकूंना टॉय ट्रेन नको असेल, मोठा पाळणाच हवा असेल.

राइडमध्ये बसायचं असेल तर डॉक्टरांना नावानिशी विचारा: रोलर कोस्टर चालेल का, गोल फिरणारी राइड चालेल का. वर्षानुवर्षं पायांवर भार पडला नसेल तर हाडं ठिसूळ झालेली असतात आणि साध्या धक्क्यानंही मोडू शकतात. मानेचा मणका अस्थिर असणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेल्या फिट, हृदयविकार यांपैकी काही असेल तर झटके देणाऱ्या राइड यादीतून आत्ताच काढा. गेटवर वाद घालण्यापेक्षा घरी निर्णय झालेला बरा.

आता टेप घेऊन खुर्ची मोजा. रुंदी मोजताना चाकांच्या बाहेरच्या कड्या धरा, सीट नव्हे. साधी घडीची खुर्ची ६० ते ६८ सेंमी रुंद, पायदाणासकट १०५ ते ११० सेंमी लांब, जमिनीपासून सीटपर्यंत सुमारे ५० सेंमी आणि वजनाला १५ ते २० किलो भरते. मोटरची खुर्ची याच्या कितीतरी पट जड असते. ती ट्रॅव्हलरमध्ये उचलून ठेवायचा बेत करू नका, सहलीसाठी घडीची साधी खुर्ची न्या.

तपासा: चार आकडे एका कागदावर लिहिलेत का? रुंदी, लांबी, सीटची उंची, वजन. फोन करताना हाच कागद समोर ठेवायचा आहे.

## २. पार्क निवडताना अंतर आधी बघा

बेळगावातून एका दिवसात परत येता येईल अशा जागा वेगळ्या आणि मुक्काम लागेल अशा वेगळ्या. कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय बेळगावहून शंभर-एकशेदहा किलोमीटरवर आहे, निपाणीकरांना तर अगदी जवळ. हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन हुबळीच्या पुढे, सुमारे १४० किलोमीटरवर. दोन्ही ठिकाणी माणसाच्या आकाराची शिल्पं बघत फिरायचं असतं, त्यामुळे तिथे प्रश्न राइडचा नसून वाटेचा असतो. खडी, पायऱ्या आणि चढ कुठे आहेत, एवढंच विचारावं लागतं.

यंत्रांच्या राइड असलेली मोठी पार्कं लांब आहेत. खोपोलीजवळचं इमॅजिका ४०० किलोमीटरच्या पुढे, बेंगळुरूजवळ बिडदीचं वंडरला ५०० च्या पुढे. इथे सगळ्यांत मोठी चूक होते ती रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पार्कात शिरायची. धडधाकट माणूस गाडीत कसाही कलंडून झोपतो. पाठीला टेकू देत देत आठ तास बसलेल्या माणसाला त्यानंतर आणखी आठ तास खुर्चीत बसवणं म्हणजे कातडीला जखम व्हायची तयारी. आदल्या दिवशी जा, मुक्काम करा, सकाळी ताजेतवाने होऊन निघा.

तुमच्या ग्रुपची अशी पहिलीच सहल असेल तर कणेरी किंवा गोटगोडीपासून सुरुवात करा. गाडीत चढ-उतार, शौचालय, जेवण आणि वेळ या चारही गोष्टींचा सराव तिथे होतो, आणि काही बिघडलं तर घर जवळ असतं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खोपोलीकडचा पाऊस आपल्या खानापूरच्या पावसासारखाच झोडपून काढतो. चाकांच्या कड्या ओल्या झाल्या की हात निसटतो आणि ब्रेकही नीट धरत नाही. मे महिन्यात उन्हाचा धोका वेगळाच. मज्जारज्जूला इजा असेल तर इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही आणि अंग आतल्या आत तापत जातं. सुट्टीचे वार आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळून आठवड्याच्या मधला वार धरा.

## ३. फोन: तिकिटाच्या आधी, आणि दोनदा

वेबसाइटवर "व्हीलचेअर फ्रेंडली" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कधी फक्त गेटला रॅम्प आहे एवढाच निघतो. म्हणून फोन कराच. शिग्गाव किंवा बिडदीला करायचा असेल तर ज्याला कन्नड सफाईनं येतं त्यानं करावा. "अण्णा, मॅनेजरांशी बोलायचंय" म्हणून थेट कामकाज बघणाऱ्या माणसापर्यंत पोचा, कारण बुकिंगच्या नंबरवर प्रत्येक प्रश्नाला "हो, हो, आहे" एवढंच ऐकू येतं.

"सोय आहे का?" असं विचारू नका. आकडा किंवा फोटोच द्यावा लागेल, असे प्रश्न विचारा:

1. दिव्यांगांचं शौचालय नेमकं कुठे आहे? दार उघडल्यावर मोकळी जागा किती सेंमी? किल्ली कोणाकडे असते? आतून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवाल का?
2. पार्किंगपासून गेटपर्यंत किती अंतर आणि किती पायऱ्या?
3. कोणत्या राइडला खुर्चीसकट जाता येतं? कोणत्या राइडला बाहेर पडायच्या वाटेनं आत सोडता? प्रत्येकीला पायऱ्या किती?
4. सीटवर बसवायला तुमची माणसं मदत करतात, की आमची लागतात? (बहुतेक ठिकाणी कर्मचारी हात लावत नाहीत.)
5. सोबत्याला तिकीट पूर्ण लागतं का? सवलत कशावर देता?
6. आडवं व्हायला जागा आहे का? प्रथमोपचार केंद्रातला पलंग चालेल का?
7. पार्कातल्या खुर्च्या आहेत का? आगाऊ सांगावं लागतं का?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी आणि आत खुर्ची गोल फिरवायला दीड मीटरची जागा, हे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतलं माप. ७५ सेंमीच्या दारातून ६५ ची खुर्ची सरळ येत असेल तर जेमतेम जाते. दारासमोर लगेच वळण असेल तर जात नाही. दिव्यांगांचं शौचालय म्हणून जे दाखवतात तिथे झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात, हाही नेहमीचा अनुभव. म्हणून आतला फोटो, आणि तो त्याच दिवशी काढलेला.

दुसरा फोन निघायच्या आदल्या दिवशी. राइड दुरुस्तीला बंद असते, लिफ्ट बिघडलेली असते. पहिल्या फोनवर बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा, आणि ठरलेलं सगळं त्याला मेसेजनं पाठवून "बरोबर" असं उत्तर घ्या. गेटवर तो मेसेज दाखवता येतो.

सावध: शौचालयाचं उत्तर गोलमोल आलं तर तो पार्क रद्द करा. राइड कमी मिळाल्या तर दिवस निभावतो, शौचालय नसेल तर माणूस सकाळपासून पाणी प्यायचं टाळतो आणि दुपारी आजारी पडतो.

हॉटेलात मुक्काम असेल तर तिथेही टेपचाच प्रश्न. खोली तळमजल्यावर असते, पण बाथरूमचं दार ६० सेंमीचं आणि त्याला चार इंचांचा उंबरा. मॅनेजरला टेप लावून फोटो पाठवायला सांगा.

## ४. गाडी

बारा-तेरा जणांचा ग्रुप असला तरी सगळे एकाच ट्रॅव्हलरमध्ये मावायला हवेत, असं नाही. ट्रॅव्हलर, क्रूझर, ट्रॅक्स या गाड्यांची चढायची पायरी उंच आणि दार अरुंद. जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत ६० सेंमी धरले, तर १ : १२ च्या सुरक्षित उतारानं रॅम्प सव्वासात मीटर लांब लागेल. म्हणजे फळी टाकून खुर्ची चढवायचा विचार सोडून द्या. छोटी फळी एवढी उभी राहते की खुर्ची मागे उलटते.

सोपा मार्ग म्हणजे ग्रुपच्या गाडीसोबत एक कार. ड्रायव्हरशेजारची सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची. कारची सीट खुर्चीच्या सीटच्या, म्हणजे ५० सेंमीच्या, जितकी जवळ तितकं सरकणं सोपं. उंच एसयूव्ही ऐटबाज दिसते, पण तिच्यात दरवेळी पंधरा-वीस सेंमी वर उचलावं लागतं. दिवसात आठ-दहा वेळा ते करून उचलणाऱ्याची कंबर धरते.

सरकायला लाकडी फळी करून घ्या. सुतार १८ मिमी प्लायमधून ७० सेंमी लांब, २०-२५ सेंमी रुंद तुकडा कापून देतो. कडा गोल, पृष्ठभाग पॉलिश पेपरनं गुळगुळीत. फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं कारच्या सीटवर चांगलं वीसेक सेंमी आत. उघडी कातडी फळीवर घासू देऊ नका.

सरकण्याचा क्रम असा:

1. खुर्ची कारच्या सीटला तिरकी, जवळजवळ चिकटवून लावा. अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल तर ज्या बाजूला बळ आहे ती बाजू सीटकडे.
2. दोन्ही ब्रेक. मग खुर्ची हलवून बघा, ब्रेक लागल्यासारखे वाटतात पण लागलेले नसतात.
3. खुर्चीचा सीटकडचा हात (आर्मरेस्ट) आणि पायदाण काढा. पाय जमिनीवर टेकवा.
4. कोण "एक, दोन, तीन" म्हणणार ते आधी ठरवा. शक्यतो सरकणाऱ्यानंच म्हणावं.
5. आधी बूड सीटवर, मग पाय आत. डोकं वरच्या चौकटीवर आपटू नये म्हणून एकानं तिथे तळहात धरावा.

उचलताना बगलेत हात घालून वर ओढायचं नाही, खांदा निखळतो. पूर्ण उचलावंच लागत असेल तर व्यक्तीनं छातीवर हातांची घडी घालावी. मागच्यानं बगलेखालून हात नेऊन तीच मनगटं धरावीत, पुढच्यानं गुडघ्यांखाली धरावं, आणि दोघांनी एकदमच उचलावं. हा सराव फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून घ्या, आणि ज्या कारनं जायचंय त्याच कारला.

वाटेतले थांबे ठरवून ठेवा. दर दोन तासांनी एक. कोल्हापूरकडे जाताना हत्तरगीचा टोल, तवंदी घाट, निपाणी, मग कोगनोळीचा नाका अशी वाट आहे. यातल्या कुठल्या हॉटेलात शौचालय जमिनीच्या पातळीवर आहे ते ग्रुपमधल्या कुणीतरी आठवडाभर आधी जाता-येता बघून ठेवावं. हमरस्त्यावरची बरीच हॉटेलं चार-पाच पायऱ्या चढून आहेत. युरिन पॉट आणि आडोशाला एक गडद चादर गाडीत असावीच. चालत्या गाडीतही दर अर्ध्या तासानं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घ्यायला आठवण करा.

रेल्वेनं जायचं असेल तर थोडक्यात: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत आहे, आणि तीच एका सोबत्यालाही. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढलेलं हवं. साध्या डब्याच्या दोन सीटांमधल्या वाटेतून मोठी खुर्ची जात नाही. दारापाशी सरकून बसावं लागतं आणि खुर्ची घडी करून ठेवावी लागते.

तपासा: गाडी ठरली, मुक्काम ठरला, पार्कचा होकाराचा मेसेज आला. आता तिकिटं काढा.

## ५. खुर्ची आणि पिशवी

निघायच्या चार दिवस आधी खुर्ची सायकलवाल्याकडे न्या. हवेचे टायर असतील तर टायरवर छापलेला दाब भरून घ्या. हवा कमी असेल तर ढकलणं जड जातं, शिवाय ब्रेक टायरला पुरेसा टेकत नाही. पुढच्या लहान चाकांत गुंडाळलेले केस आणि दोरे काढा, खुर्ची एका बाजूला ओढते त्याचं कारण बहुधा तेच. सगळे नट आवळा, पायदाणाचा खटका बसतो का बघा.

पिशवीत: पंप, पंक्चरचं सामान, ॲलन की आणि १०-१३ चा पाना, कमरेचा पट्टा, वेल्क्रोचे दोन रुंद पट्टे (पाय बांधायला), जादा गादी किंवा गादीचं रेक्झिनचं कव्हर, दोन जोड कपडे, डायपर किंवा कॅथेटरचा जादा संच, हातमोजे, स्प्रेची बाटली, छत्री नव्हे तर टोपी. औषधं दोन ठिकाणी विभागून. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मूळ आणि एक झेरॉक्स. डिजिलॉकरमध्येही असू द्या. ते कर्नाटकात काढलेलं असलं तरी देशभर चालतं, पण खासगी पार्कात सवलत द्यायची की नाही हे पार्क ठरवतं.

पार्कात बाहेरचं खाणं बहुधा नेत नाहीत. मधुमेह किंवा गिळायची अडचण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या आणि डब्याचं फोनवरच बोलून ठेवा. धपाटे आणि चिरमुऱ्याचा चिवडा गाडीतच संपवा.

सावध: खुर्चीच्या मागच्या दांड्यांना जड बॅगा लटकवू नका. चढावर खुर्ची मागे उलटण्याचं नेहमीचं कारण हेच असतं. आणि खुर्ची ही ग्रुपची हातगाडी नव्हे.

## ६. कामं वाटा

एकाच बाईनं, बहुधा बायकोनं किंवा मुलीनं, दिवसभर ढकलायचं आणि बाकीच्यांनी राइडला पळायचं, असं होऊ देऊ नका. दोघांच्या जोड्या करा आणि दर दोन तासांनी पाळी बदला. पाळीच्या वेळा गाडीतच सगळ्यांना मेसेज करा. शिवाय एक पुढे जाऊन बघणारा हवा: पुढच्या राइडची वाट, रांग, पायऱ्या बघून तो फोन करतो, म्हणजे खुर्ची उगीच लांब जाऊन परत फिरत नाही.

ढकलणाऱ्यानं न विचारता दांडीला हात लावू नये. "काकू, ढकलू का?" एवढं पुरतं. पार्कातल्या पोरानं प्रश्न सोबत्याला विचारला ("ह्यांना बसायचंय का?") तर सोबत्यानं उत्तर देऊ नये, काकूंकडे बघावं.

चढ-उताराचं तंत्र सगळ्यांनी शिकून ठेवावं. उभ्या उतारावरून खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून, हळूहळू खाली. एक-दोन पायऱ्या चढतानाही उलटीच: मागचा माणूस दांड्या धरून खुर्ची मागे कलती करतो आणि मोठी चाकं पायरीवर खेचतो, पुढचा चौकटीच्या नळीला धरून वर लोटतो. खुर्चीचे हात आणि पायदाण धरून कधीच उचलू नका, ते निघून हातात येतात.

## ७. गेटवर पोचल्यावर

पहिलं काम शौचालय. फोनवर सांगितलेलं शौचालय डोळ्यांनी बघा, खुर्ची आत नेऊन दार लावून बघा. मग प्रथमोपचार केंद्र. मग गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर मेसेज दाखवून कोणत्या राइडला कुठून आत जायचं ते नकाशावर पेनानं मार्क करून घ्या. या तिन्ही गोष्टींना अर्धा तास जातो आणि तो वाचवायच्या नादात दुपारी दोन तास जातात.

सकाळी गर्दी वाढायच्या आत खुर्चीवरच्या व्यक्तीची आवडती राइड आधी घ्या. ग्रुप सकाळी मोठ्या राइडकडे धावतो आणि "काकूंचं दुपारी बघू" म्हणतो. दुपारी ऊन, रांग आणि थकवा तिन्ही एकत्र येतात.

## ८. राइड: बसण्याआधी काय बघायचं

राइड तीन प्रकारच्या समजा. खुर्चीसकट आत जाता येतं असे शो आणि सिनेमे. खुर्ची सोडून सीटवर सरकावं लागतं अशा मंद राइड: बोट, टॉय ट्रेन, मेरी-गो-राउंडमधला बसायचा बाक, मोठा पाळणा. आणि झटके, उलटं होणं, उंचावरून सोडणं अशा वेगवान राइड.

वेगवान राइडला नकार मिळाला की ग्रुपमधला कुणीतरी चिडतो. नकारामागचं कारण समजून घ्या. खांद्यावरून येणारी दांडी शरीर धरते, पण मान, कंबर आणि हात स्वतः सावरावे लागतात. सावरता आले नाहीत तर माणूस दांडीखालून घसरू शकतो. दुसरं, राइड वर अडकली तर अरुंद जिन्यावरून चालत खाली उतरवतात, आणि जो चालू शकत नाही त्याला तिथून उतरवणं फार अवघड असतं. ऑपरेटरशी हुज्जत घालून, ओळख सांगून किंवा "आमची जबाबदारी" लिहून देऊन बसवून घेऊ नका. मात्र कुठलंही कारण न देता, नुसती खुर्ची बघून बोटीलाही नाही म्हणत असतील तर शांतपणे मॅनेजरला बोलवा आणि लेखी नियम दाखवायला सांगा.

सीटवर बसवताना:

1. आधी एक फेरी रिकामी बघा: गाडी पूर्ण थांबते का, की हलत असतानाच चढावं लागतं? हलणारी असेल तर थांबवतील का ते विचारा. नाही म्हटलं तर ती सोडा.
2. रांगेच्या लोखंडी कठड्यांच्या वळणात खुर्ची अडकते. बाहेर पडायच्या वाटेनं जा, पण आपला नंबर येईपर्यंत थांबायची वेळ विचारून घ्या. रांग मोडणं आणि दुसऱ्या वाटेनं जाणं यात फरक आहे.
3. कॅथेटरची पिशवी रिकामी करा. नळी पट्ट्याखाली किंवा मांडीखाली दबलेली नाही ना, बोट फिरवून बघा.
4. गादी खुर्चीवर ठेवू नका, सीट कडक असेल तर तीच गादी खाली घ्या. आधी ऑपरेटरला विचारा, कारण गादीमुळे दांडी नीट बसत नाही असंही होतं.
5. दोन्ही पाय वेल्क्रोनं एकत्र बांधा. संवेदना नसलेला पाय बाजूला लोंबला तर कशात अडकला हे त्या माणसाला कळतच नाही.
6. बळ असलेल्या बाजूला नाही, कमी बळाच्या बाजूला सोबती बसवा.
7. खुर्ची कुठे ठेवतात ते बघा आणि एकानं तिच्यापाशी थांबावं. राइड एका बाजूला संपते आणि खुर्ची दुसऱ्या बाजूला राहते, हे वारंवार होतं.

उतरल्यावर धातूचा भाग तापलेला असेल तर पोटऱ्या आणि मांड्या बघा. कळत नसलेल्या कातडीला भाजलेलं संध्याकाळी दिसतं.

सावध: मज्जारज्जूला छातीच्या मध्यावर किंवा त्याहून वर इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम आला, तर ते ऊन लागणं समजून त्याला आडवं करू नका. बसतं ठेवा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी पिळली आहे का किंवा लघवी तुंबली आहे का बघा. तीच अडचण बहुधा असते. रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. ताबडतोब प्रथमोपचार केंद्राला कळवा आणि १०८ ला फोन करा.

## ९. पाण्याच्या राइड

उंच स्लाइडला बहुधा लिफ्ट नसते. ओल्या पायऱ्यांवरून कुणालाही उचलून नेऊ नका. हळूहळू खोल होत जाणारा पूल किंवा ट्यूबवरून वाहत जायची मंद नदी हेच खरे पर्याय, तेही पोहता येणारी दोन माणसं दोन्ही बाजूंना आणि लाइफ जॅकेट असेल तर. मानेला आधार नसलेल्यांना लाटांच्या पूलमध्ये नेऊ नये.

पाण्याचे कपडे पार्कच्या नियमाप्रमाणे नायलॉनचे लागतात. लांब लेगिंग आणि पाण्यातले बूट घाला, कारण पूलचा खडबडीत तळ घासून कातडी सोलते. खुर्चीची गादी कोरड्या पिशवीत आधीच काढून ठेवा: फोमची गादी भिजली की दिवसभर सुकत नाही, आणि ओल्या गादीवर बसणं म्हणजे जखमेला आमंत्रण. पूलपर्यंत जायला पार्कची जुनी खुर्ची मिळते का विचारा, म्हणजे आपल्या खुर्चीच्या बेअरिंगमध्ये क्लोरीनचं पाणी जात नाही. बाहेर आल्यावर लगेच कोरडं करून कपडे बदला.

## १०. दुपार आणि परतीची वाट

दुपारी एक ते साडेतीन सावलीत किंवा एसीच्या शोमध्ये. या वेळात एकदा पूर्ण आडवं व्हायचं, पंधरा-वीस मिनिटं तरी. अंग गरम लागलं तर ओलं कापड मानेवर आणि स्प्रेनं पाणी. खुर्चीत असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून बुडावरचा भार काढायचा. फोनवर गजर लावा, गप्पांत कुणाला आठवत नाही.

पार्क बंद व्हायच्या तासभर आधी निघा. सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा शौचालयालाही रांग आणि पार्किंगलाही. निघण्याआधी शेवटचं शौचालय, कोरडे कपडे, मग कार. परत येताना थकलेल्या माणसांच्या हातून सरकवताना ब्रेक राहतो, म्हणून टप्पा ४ मधला क्रम मोठ्यानं म्हणत करा.

घरी पोचल्यावर त्याच रात्री माकडहाड, बूड, घोटे आणि टाचा आरशानं किंवा कुणाकडून तरी बघून घ्या. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून सोडल्यावरही लालच राहिला, तर त्या जागेवर भार देणं बंद करा आणि डाग पूर्ण जाईपर्यंत खुर्चीत कमीत कमी बसा. दोन दिवसांत गेला नाही किंवा कातडी सुटली तर डॉक्टर. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुसून, पुढच्या चाकांत तेलाचा एक-एक थेंब, आणि हवा परत बघून ठेवा.